ट्रेकचा उन्हाळा शर्यतींत घालवला: मुंबईकरांचे अनुभव आणि मते

कारवी (मुलुंड)

दरवर्षी होळी झाली की आमच्या गटाचे उन्हाळी बेत ठरू लागतात. चैत्री पौर्णिमेच्या रात्री कळसूबाई, मे महिन्यात सांदण दरी आणि वळवाचे दोन शिडकावे झाले की राजमाचीला काजवे, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. यंदा, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यात, तो मोडला. मार्चमध्ये सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे तीन महिने रविवारी सकाळी नऊ-साडेनऊनंतर मी घरात असणे आवश्यक ठरले. कसारा किंवा कर्जत लोकल पकडून केलेला कोणताही ट्रेक या वेळेत बसत नाही, आणि मेगाब्लॉकच्या रविवारी परतीची वेळ तर रामभरोसेच असते. अंधारात बाहेर पडून सासूबाईंच्या व्यायामाच्या वेळेला घरी पोहोचता येईल असा एकच मैदानी उद्योग मला सापडला, तो म्हणजे रविवारच्या पाच आणि दहा किलोमीटर धावण्याच्या हौशी शर्यती. त्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण डोंगरात फिरणारी मंडळी या विषयावर एक तर कुत्सितपणे बोलतात किंवा मुळीच बोलत नाहीत.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणारी मुंबई मॅरेथॉन २००४ पासून सुरू आहे, आणि पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या माणसाकडे वळून पाहण्याची सवय या शहराला आता उरलेली नाही. तिच्या मानाने उन्हाळ्यातल्या शर्यती अगदी घरगुती असतात. कोणी महिला दिनाचे, कोणी एक मेचे, तर कोणी पाच जूनच्या पर्यावरण दिनाचे निमित्त करून त्या भरवतो. उजाडायच्या सुमारास सुरुवात होते आणि आठच्या आसपास मांडवाचे दोर सुटू लागलेले असतात. बक्षिसासाठी धावणारी मोजकी मुले-मुली क्षणार्धात दिसेनाशी झाली की मागे उरतो तो बँकेतला, शाळेतला, दवाखान्यातला माणूस, ज्याला आपला मागच्या वेळेचा आकडा थोडा कमी करायचा असतो आणि नंतर उपमा खायचा असतो. मी याच घोळक्यातली.

ट्रेकरांना नवी वाटेल अशी एक गोष्ट सांगते. छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाला, म्हणजे बिबला, मागून एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रबरी चटईवरून आपण गेलो की तिची नोंद होते. त्यामुळे गर्दीत अगदी मागे उभे राहिले तरी आपली वेळ आपण चटई ओलांडल्यापासूनच मोजली जाते. पाम बीच रोडवरच्या एका शर्यतीत सत्तरीच्या पुढच्या एक बाई शेवटच्या रांगेत शांतपणे नऊवारीचा काष्टा नीट करत उभ्या होत्या. बंदूक वाजली, सगळे निघून गेले, तरी त्यांची घाई नव्हती. काष्टा मनासारखा झाल्यावरच त्यांनी चटईवर पाय ठेवला. माझ्यापेक्षा त्यांना नियम अधिक चांगला कळला होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. डोंगराने दिलेले शरीर शर्यतीत किती कामाला येते, असे मला बऱ्याच जणांनी विचारले. दम आणि चिकाटी या दोन गोष्टी जशाच्या तशा येतात. दीड तास न थांबता हालचाल करत राहण्याची धास्ती ट्रेकरला नसते. पोटऱ्या, नडगी आणि टाच यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. चालताना एक पाय सतत जमिनीवर असतो. धावताना दोन्ही पाय क्षणभर हवेत जातात आणि प्रत्येक पाऊल शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार घेऊन खाली येते. माझ्या वेगाने दहा किलोमीटरमध्ये अशी दहा हजारांच्या आसपास पावले पडतात, आणि तीही सपाट, कठीण काँक्रीटवर. डोंगरात दोन पावले कधी सारखी पडत नाहीत. इथे मात्र सगळी सारखीच. म्हणून पहिला महिना मी एक दिवसाआड धावले आणि मधल्या दिवशी इमारतीच्या जिन्यात पोटऱ्यांचे व्यायाम केले.

याहून मोठा फरक मला मनाच्या बाजूने जाणवला. ट्रेकमध्ये गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्यावर ठरतो, आणि ते योग्यच आहे, कारण खिंडीत मागे राहिलेला माणूस ही सगळ्यांची जबाबदारी असते. गेली अनेक वर्षे मी गटाच्या शेवटी चालणारी, मागच्यांना सांभाळून आणणारी बाई आहे, आणि माझा स्वतःचा वेग किती आहे हे मला कधी कळलेच नव्हते, कळण्याची गरजही पडली नव्हती. शर्यतीत कोणी माझ्यासाठी थांबत नाही आणि मलाही कोणासाठी थांबायचे नसते. चाळिशी ओलांडलेल्या, घरात आणि कार्यालयात सतत कोणाच्या तरी सोयीने चालणाऱ्या बाईला हे तास-सव्वा तास किती मोकळे वाटतात, ते मी आधी कोणी सांगितले असते तर मानले नसते.

उणी बाजूही सांगायला हवी. पाहण्यासारखे फार काही नसते. आकड्यांचा नाद लागतो आणि भाजी आणायला निघाल्यावरही हात घड्याळाकडे जातो. शिवाय मुंबईचा दमटपणा! एप्रिलच्या पहाटे पाच वाजता वारा पडलेला असतो आणि दुसऱ्या किलोमीटरलाच कपडे निथळू लागतात. मे महिन्यातला अवकाळी पाऊस आणि २६ मे रोजीच येऊन ठेपलेला मान्सून यांनी शेवटच्या काही शर्यतींना गारवा दिला खरा, परंतु त्याच पावसाने आमच्या गटाचा राजमाचीचा बेतही बुडवला.

असा हंगाम आणखी कोणी केला आहे का, आणि त्यानंतर डोंगरात परतताना काय जाणवले, हे वाचायला आवडेल.

---

जुना भटक्या (गिरगाव)

कारवीताई, आपली अडचण समजू शकतो आणि आपण घरी बसून राहिला नाहीत याचे कौतुकही वाटते. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. उन्हाळा हा ट्रेकचा बाद हंगाम आहे आणि म्हणून तो दुसऱ्या कशात तरी घालवावा, असा जो समज तरुण मंडळींत पसरत चालला आहे, त्याला आपल्या लेखाने बळ मिळू नये.

सह्याद्री उन्हाळ्यात जितका उघडा दिसतो तितका एरवी कधी दिसत नाही. गवत वाळून गेलेले असते, कारवीची झुडपे झडलेली असतात, आणि एखाद्या सोंडेचा सगळा सांगाडा, कातळाचा प्रत्येक थर, जुन्या पायऱ्यांचा प्रत्येक खोबणीवजा तुकडा डोळ्यांना दिसतो. अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांचे कातळटप्पे कोरड्या दिवसांतच करावेत. सांदण दरीचे तर पावसाळ्यात नावही काढू नये. कोणत्या टाक्यात मे महिन्यातही पाणी टिकते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो किल्ला ठाऊक आहे असे मी मानतो. हरिश्चंद्रगडाच्या केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात ऐन वैशाखात उतरून पाहावे, कंबरेखालचे पाय बधिर होतात. करवंदे आणि जांभळे यांचा तर उल्लेखही करत नाही, उगीच लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचे.

उन्हाचा त्रास होतो हे मान्य. त्यावर उपाय म्हणजे रात्री चढावे, सकाळी नऊपर्यंत सावली गाठावी आणि उन्हे कलल्यावर उतरावे. वणव्याच्या आणि आग्या मोहोळाच्या बाबतीत सावध राहावे. आमच्या पिढीने हेच केले.

आणि एक खडूस प्रश्न विचारतो. रस्ता महापालिकेचा, पाय आपले, घाम आपला. मग शर्यतीच्या नोंदणीचे पैसे कशाचे द्यायचे?

---

पहिली लोकल (डोंबिवली)

काकांच्या शेवटच्या प्रश्नाला माझे अनुमोदन आहे, आणि तरीही मी पैसे भरतो, हे आधीच सांगून टाकतो.

डोंबिवली-कल्याणकडच्या ज्यांना हा नाद लावून घ्यायचा असेल त्यांच्यासाठी व्यवहाराची माहिती. दक्षिण मुंबईतली शर्यत साडेपाचला सुरू होणार असेल तर पहाटेची पहिली लोकल पकडूनही आपण धापा टाकतच पोहोचतो, आणि दहा किलोमीटर स्टेशनच्या जिन्यांवरच पळून होतात. म्हणून मी ठाणे, नवी मुंबई आणि मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यापलीकडच्या शर्यतींची नोंदणी करणे सोडून दिले आहे. शिवाय बहुतेक ठिकाणी बिब आदल्या दिवशी स्वतः जाऊन घ्यावा लागतो, म्हणजे शनिवारची दुपारही त्यातच गेली. या एप्रिलमध्ये एका आयोजकांनी सायंकाळी सातपर्यंतची वेळ कळवून साडेपाचलाच टेबल गुंडाळले होते; आम्ही वीस-पंचवीस जण एका बंद शटरसमोर उभे राहून एकमेकांना आपापल्या गावच्या गाड्यांच्या वेळा सांगत होतो. बिब दुसऱ्या दिवशी पहाटे मिळाला, टी-शर्ट मात्र फक्त दोन माणसे मावतील एवढ्या मापाचा उरला होता.

नोंदणी करण्यापूर्वी ‘बिब शर्यतीच्या दिवशी मिळेल का’ हा एक प्रश्न विचारावा. उत्तर टाळले गेले तर ती शर्यत आपणही टाळावी.

---

नाडीपरीक्षा (दादर)

मी डॉक्टर आहे आणि काही शर्यतींच्या वैद्यकीय तंबूत काम केले आहे. कारवीताईंनी दमटपणाचा उल्लेख दोन ओळींत आटोपला. त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे गरजेचे वाटते.

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ही उष्णता घालवण्याचा शरीराकडचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, परंतु घाम येण्याने शरीर थंड होत नाही, तो वाळला तरच होते. पहाटे तापमान दिवसातले सर्वांत कमी असते आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता मात्र सर्वांत जास्त. मे महिन्यात मुंबईचे किमान तापमानच २७ अंशांच्या आसपास असते. अशा हवेत घाम थेंबाथेंबाने गळून जातो, त्यातून पाणी आणि मीठ तेवढे कमी होते, गारवा मिळत नाही. डोंगरमाथ्यावर तापमान कधी कधी इथल्याहून जास्त असूनही सुसह्य वाटते, याचे कारण तिथली कोरडी हवा आणि वारा. ट्रेकर मंडळी ‘आम्हाला उन्हाची सवय आहे’ असे म्हणतात तेव्हा त्यांना कोरड्या उन्हाची आणि चालण्याच्या श्रमांची सवय असते. दमट हवेत तासभर जोराने धावण्याची सवय निराळी, आणि ती नव्याने करावी लागते.

अशी सवय होण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. म्हणून फेब्रुवारीपर्यंत वातानुकूलित जिममध्ये धावून थेट एप्रिलच्या शर्यतीत उतरू नये. उन्हाळ्यात आपला वेग उतरतो तो आळसामुळे नव्हे. रक्त एकाच वेळी स्नायूंकडे आणि त्वचेकडे पाठवावे लागल्याने त्याच वेगाला हृदयाचे ठोके अधिक पडतात. जानेवारीतल्या वेळेचा आकडा एप्रिलमध्ये गाठण्याचा हट्ट धरणारे लोकच बहुधा आमच्या तंबूत येतात.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही टोके वाईट. दहा किलोमीटरसाठी तहान लागेल तसे पाणी पुरते. भीतीपोटी प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले साधे पाणी पिणाऱ्या, हळू धावणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील सोडियम उतरू शकते, आणि मग मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा दिसू लागतो. त्यावर आणखी पाणी पाजणे धोक्याचे असते. ओआरएस घ्यायचे तर पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावे. निम्म्या पाण्यात दाट करून प्यायल्याने फायदा दुप्पट होत नाही. शर्यतीपूर्वी ‘दुखू नये म्हणून’ वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत पसरली आहे, ती पूर्णपणे थांबवावी. शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात.

उष्माघाताची खूण म्हणजे नुसता थकवा नव्हे. माणूस असंबद्ध बोलू लागला, वाकडातिकडा धावू लागला, चिडचिड करू लागला, की त्याला ताबडतोब सावलीत आडवे करून मिळेल त्या थंड पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. थंड करणे आधी, हलवणे नंतर. खारघरच्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने जी माणसे दगावली ती नुसती उन्हात बसून राहिलेली होती, हे धावणाऱ्यांनी विसरू नये.

हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. यंदा ८ जूनला झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीसाठी, म्हणजे जवळजवळ नव्वद किलोमीटर बारा तासांच्या आत धावण्यासाठी, मुंबईतले अनेक जण दरवर्षी मार्च-एप्रिल-मे याच महिन्यांत लांबचे सराव करतात. सराव करून, रात्री अडीच-तीनला घराबाहेर पडून, हे करता येते.

---

कट्टेकरी (शिवाजी पार्क)

डॉक्टरांनी शेवटी जे लिहिले आहे, रात्री अडीच-तीनला बाहेर पडायचे, ते पुरुषांनाच सहज लिहिता येते. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची साधारण सव्वा किलोमीटरची फेरी मला तोंडपाठ आहे, आणि पाचच्या आधी तिथेही मी एकटी जात नाही.

जुन्या भटक्या काकांनी पैसे कशाचे द्यायचे, असे विचारले आहे. मी बंद केलेल्या रस्त्याचे, दर चौकातल्या स्वयंसेवकाचे आणि स्वच्छतागृहाचे देते. मोटारी नाहीत, मागून येणारी दुचाकी नाही, कोणी टिप्पणी करत नाही, आणि अंधार असूनही आजूबाजूला शंभर बायका आहेत, असा तास मला वर्षातल्या इतर कोणत्या दिवशी मिळतो? ट्रेकला जाताना बायकांना आदल्या रात्रीपासून पाणी किती प्यावे याचा हिशेब का करावा लागतो, हे गटातल्या पुरुषांना कधी कळते का, हेही विचारून ठेवते.

---

शून्य किलोमीटर (बोरिवली)

आकड्यांचा नाद लागलेल्यांसाठी थोडी माहिती.

मोठ्या शर्यतीचा मार्ग मोजण्यासाठी सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारे यंत्र लावतात. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर ती सायकल चालवून चाकाचे प्रमाण ठरवतात आणि मग धावणारा घेऊ शकेल अशा सर्वांत जवळच्या रेषेवरून, वळणाच्या आतल्या कडेने, मार्ग मोजतात. मार्ग चुकून कमी भरू नये म्हणून हजारी एक या प्रमाणात अंतर मुद्दाम वाढवून धरतात, म्हणजे दहा किलोमीटरच्या मार्गात दहा मीटर जास्तीचे असतात. आपण गर्दीत डावी-उजवीकडे होत धावतो आणि उंच इमारतींमध्ये घड्याळाचा उपग्रहाशी संपर्क डळमळतो, त्यामुळे हातावर दहाऐवजी सव्वादहा दिसतात आणि लोक आयोजकांशी भांडत बसतात.

मात्र कारवीताई म्हणतात तशा छोट्या शर्यतींचे मार्ग बहुधा असे मोजलेले नसतात. मोटारीच्या किंवा मोबाइलच्या अंदाजाने खुणा केलेल्या असतात. मुलुंडमधले दहा आणि नेरूळमधले दहा यांत पाव किलोमीटरचा फरक सहज पडतो. दोन निरनिराळ्या ठिकाणच्या वेळा शेजारी ठेवून आनंद किंवा दुःख करू नये. तुलना करायचीच तर त्याच मार्गाची पुढल्या वर्षी करावी. खरोखर मोजलेले अंतर उन्हाळ्यातच धावायचे असेल तर बेंगळुरूची दहा किलोमीटरची शर्यत आहे. ती २००८ पासून एप्रिल-मेमध्ये होते, आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरवर असल्याने हवाही आपल्यापेक्षा बरी असते.

---

घसारा (ठाणे)

बुटांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. धावण्याचे बूट घालून डोंगरात जाऊ नका. त्यांचा जाड, मऊ, फेसासारखा तळ काँक्रीटचा मार शोषण्यासाठी असतो. घसाऱ्यावर तो पायाखाली डुगडुगतो, घोटा मुरगळतो, आणि ओल्या कातळावर तर साबण लावल्यासारखा सटकतो. उलट, ट्रेकचे कडक तळाचे बूट घालून रस्त्यावर धावणाऱ्यांच्या नडग्यांचे काय होते ते मी येऊरच्या चढावर रोज पाहतो. दोन नाद असतील तर दोन जोड हवेत, याला इलाज नाही.

---

कारवी (मुलुंड)

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद मी आमच्या गटात सर्वांना वाचायला लावला आहे.

काका, उन्हाळी सह्याद्रीविषयी आपण जे लिहिले आहे त्यातला शब्दन्‌शब्द मला मान्य आहे. टाक्यांचे पाणी आणि करवंदे यांच्या बदल्यात मी फिनिशर मेडल, म्हणजे शर्यत पूर्ण केल्याचे पदक, घेतले, हा सौदा बरोबरीचा नाही. जस्ताच्या त्या चकत्यांचे काय करायचे हा प्रश्न आमच्या घरी अजून सुटलेला नाही. सध्या एक पडद्याच्या दोरीला वजन म्हणून लटकते आहे. परंतु घरातून तीन तासांसाठीच बाहेर पडता येते अशी वर्षे अनेकांच्या, विशेषतः बायकांच्या, आयुष्यात येतात. त्या वर्षांत हरिश्चंद्रगडाचा ध्यास घेऊन हळहळत बसण्यापेक्षा पायांना काम देणे मला पटले.

पैसे देऊन शर्यतच कशाला, नुसते धावता येणार नाही का, याचे उत्तर मी बरेच दिवस स्वतःलाही देत होते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा चढता रस्ता आहे, झाडी आहे, आणि प्रवेशशुल्क शर्यतीच्या मानाने नगण्य आहे. मी तिथे धावलेही. पण तिथे मी माकडे बघायला थांबते, पाणी प्यायला थांबते, दम लागला की फोटो काढायला थांबते. क्रमांक छातीवर लावल्यावर आठव्या किलोमीटरला जे होते, थांबण्याची सगळी कारणे समोर असतात आणि तरी पाय थांबत नाहीत, ते एकटीने धावताना माझ्याकडून कधी होत नाही. कदाचित काकांकडून होत असेल.

परतीचा अनुभव लिहिण्याचे बाकी होते. जूनच्या मध्यावर सासूबाई काठीशिवाय चालू लागल्या आणि मी गटाबरोबर नेरळहून पेबला, म्हणजे विकटगडाला, गेले. चढताना श्वास इतका शांत होता की मलाच नवल वाटले. जिथे दरवेळी झाडाला टेकायचे तिथे मी बोलत बोलत वर गेले. उतरताना चित्र पालटले. पाठीवर पिशवी, पायाखाली निसरडी माती आणि ओले दगड. मांड्यांच्या पुढच्या स्नायूंनी अर्ध्यातच तक्रार सुरू केली, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत मी कार्यालयातले जिने आडवी होऊन उतरत होते. सपाट रस्त्यावरच्या तीन महिन्यांनी उतार विसरायला लावला होता.

दुसरा बदल माझ्यापेक्षा गटाला जास्त जाणवला. शेवटी चालण्याचे माझे काम मी त्या दिवशीही केले, पण मागच्यांसाठी थांबले की माझा पाय एका जागी ठरेना. एका मैत्रिणीने विचारलेच, “तुला कुठली गाडी पकडायची आहे का?” हे निवायला दोन-तीन ट्रेक तरी जातील असे वाटते. शिड्या चढून गुहेत पोहोचल्यावर घड्याळ मात्र पिशवीत टाकले, ते खाली नेरळ स्टेशनवरच बाहेर काढले.

---

जुना भटक्या (गिरगाव)

बंद रस्त्याचे पैसे देते, हे कट्टेकरीताईंचे उत्तर मला पटले. तो प्रश्न मागे घेतो. बाकीचे मत कायम आहे.

मांड्या दुखल्या याचे नवल वाटत नाही. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलायचा असतो, आणि ते काम सपाटीवर होत नाही. पेबऐवजी पहिल्या वेळी कर्नाळा किंवा येऊरचे जंगल पुरले असते. आता पावसाळा आहे, कातळावर शेवाळ धरले आहे. मोठ्या उतारांची घाई करू नका.

---

पहिली लोकल (डोंबिवली)

कारवीताई, पुढे दोन्ही चालू ठेवणार असाल तर एक विचारायचे आहे. ऑगस्टमध्ये ठाण्याची वर्षा मॅरेथॉन आहे आणि आमच्या गटाचा रतनगडही त्याच सुमारास ठरतो आहे. दोन्हींत अंतर किती ठेवावे? आधी गड की आधी शर्यत?

---

नाडीपरीक्षा (दादर)

मी उत्तर देतो. मोठ्या उतरणीनंतर मांड्यांचा दुखरेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि आठवडाभरात जातो, परंतु स्नायूंची ताकद पूर्ववत व्हायला त्याहून थोडे अधिक दिवस लागू शकतात. म्हणून गड आधी करायचा असेल तर शर्यतीच्या किमान दोन आठवडे आधी करावा. शर्यत आधी असेल आणि ती दहा किलोमीटरचीच असेल, तर पुढच्या रविवारी रतनगडाला जाण्यास हरकत नाही. अर्धमॅरेथॉन धावलात तर मात्र आणखी एक आठवडा सोडावा.

---

शून्य किलोमीटर (बोरिवली)

दोन्ही एकत्र हवे असेल तर साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पाहावी. ती २०१२ पासून पावसाळ्याच्या उत्तरार्धात होते आणि यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा खाली उतरायचे असते. तिच्या नोंदणीच्या जागा लवकर भरतात, तेव्हा तारीख जाहीर झाली की वाट पाहत बसू नये. आणि सरावात घाट चढण्याइतकाच उतरण्याचाही समावेश करावा. मुंबईत त्यासाठी कान्हेरीचा रस्ता किंवा येऊर बरा, पेडर रोडचा चढ लहान पडतो.

---

कारवी (मुलुंड)

साताऱ्याची कल्पना आवडली, गटात विचारते. पहिली लोकल, तुम्ही रतनगड आधी करा. ऑगस्टमध्ये तिकडे धुके आणि पाऊस दोन्ही असतात, शिड्या ओल्या असतात, उतरायला वेळ लागतो. डॉक्टर म्हणतात ते दोन आठवडे हाताशी ठेवा. ठाण्याला भेटू, मी दहा किलोमीटरला नाव घालते आहे.